डोंगर फोटोत लहान का होतो?

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. दोन वर्षं झाली, २४-७० मिमीची झूम लेन्स (आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) घेऊन तुम्ही भल्या पहाटे डोंगरापाशी, तळ्यापाशी जाता. समोरचं दृश्य बघून मन भरून येतं. घरी येऊन फोटो उघडले की मात्र डोंगर ठेंगणा, तळं सपाट, आभाळ पांढरंफटक आणि मधे नुसती रिकामी जागा. एक-तृतीयांशाचा नियम पाळता, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवता, क्षितिज सरळ ठेवता, तरी चित्र जमत नाही. मित्र म्हणतात १४ मिमीची लेन्स घे, म्हणजे सगळं दृश्य मावेल. ती घ्यावी का, आणि अनुभवी माणसं रचना नेमकी कशी ठरवतात, असं तुम्ही विचारलंय.

लेन्सचं आधी सांगून टाकतो. आत्ता घेऊ नका. १४ मिमीने तुमचा डोंगर आणखी लहान होईल आणि मधली रिकामी जागा आणखी पसरेल. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारींमध्ये 'दृश्य मावत नाही' अशी तक्रार एकही नाही. उलट फ्रेममध्ये गरजेपेक्षा जास्त मावतंय, आणि त्यातलं काय ठेवायचं हे ठरायच्या आत शटर दाबलं जातंय. मला तरी तुमचा खरा प्रश्न हाच दिसतो.

मी निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. नोकरी नकाशे काढण्याची होती. कॅमेरा तेव्हाही होता, पण सुट्टीच्या दिवसापुरता. निवृत्तीनंतर रोज पहाटे बाहेर पडायला लागलो आणि पहिली दोन-तीन वर्षं माझेही फोटो अगदी तुम्ही वर्णन करता तसेच आले. त्यामुळे पुढे लिहितोय ते एका हौशी माणसाचं आहे हे लक्षात ठेवा. फोटोंवर ज्याचं पोट आहे त्याला ठरल्या दिवशी, असेल त्या उजेडात चित्र द्यावंच लागतं. माझ्याकडे वेळ भरपूर आहे, एखाद्या ठिकाणी दहा वेळा जाता येतं आणि नऊ वेळा रिकाम्या हाताने परतलो तरी कुणी जाब विचारत नाही. माझ्या पद्धतीतलं बरंच काही या सवडीच्या जोरावर उभं आहे. तुम्हाला वर्षातून चारच सकाळी मिळत असतील तर काही गोष्टी तुम्हाला आवळून घ्याव्या लागतील.

आधी डोंगर लहान का होतो ते बघू. आपल्या डोळ्याला बारीक तपशील दिसतो तो नजरेच्या अगदी मध्यावर. हात समोर ताठ धरून अंगठा उभा केला तर त्याच्या रुंदीमागे जेवढं झाकलं जातं, साधारण तेवढंच. बाकी सगळं अंधूक असतं. डोळा क्षणाक्षणाला इकडून तिकडे फिरत राहतो आणि त्या तुकड्यांतून मेंदू एक सलग दृश्य उभं करतो. हे करताना तो सरळसरळ पक्षपात करतो. शिखराकडे नजर सारखी जाते, म्हणून शिखर मोठं वाटतं. मधला उजाड पट्टा नजर ओलांडून जाते, म्हणून तो जाणवतच नाही. शिवाय तिथे वारा असतो, पाण्याचा आवाज असतो, चढून आल्याची धाप असते. कॅमेऱ्याकडे यातलं काहीच नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो) २४ मिमीची लेन्स आडव्या दिशेने साधारण ७४ अंशांचा पसारा घेते आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या मापाएवढीच जागा देते.

चंद्राचं उदाहरण घ्या. आकाशात चंद्राचा व्यास जेमतेम अर्धा अंश असतो. सेन्सरवर त्याची प्रतिमा फोकल लेंथच्या, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याच्या, सुमारे ११० व्या भागाएवढी पडते. म्हणजे २४ मिमीच्या लेन्सने ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर ०.२ मिमीचा ठिपका. तो फोटो ३६ सेंटिमीटर रुंद छापला तर चंद्र दोन मिलिमीटरचा. डोंगरामागून वर येताना जो चंद्र तुम्हाला ताटाएवढा दिसला होता तो हाच. २०० मिमीने काढला असता तर त्याच कागदावर तो पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा झाला असता. तुमच्या शिखराचंही असंच झालंय. कॅमेरा खोटं बोलत नाही, तुमचा कॅमेराही बिघडलेला नाही. डोळ्याने जी निवड आपोआप केली होती ती फोटोत मुद्दाम, हाताने करावी लागते. रचना म्हणजे माझ्या लेखी हेच.

आता दुसरी गोष्ट, जी कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जवळचा खडक आणि लांबचा डोंगर यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण लेन्सवर अवलंबून नसतं. ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून असतं. विश्वास बसत नसेल तर एकदा करून बघा. एकाच जागेवरून एक फोटो २४ वर काढा आणि एक ७० वर. मग २४ च्या फोटोचा मधला भाग ७० एवढा कापून घ्या. तपशील कमी असेल, पण खडक आणि डोंगर यांचं नातं तंतोतंत तेच. आता लेन्स २४ वरच ठेवून चार मीटरवरच्या खडकापासून दोन मीटरवर या. खडक दुप्पट झाला. पाच किलोमीटरवरचा डोंगर मात्र जसाच्या तसा. नातं बदललं ते पायांनी. लेन्सने फक्त चौकट कुठे संपते ते ठरवलं.

हे एकदा अंगी मुरलं की कामाचा क्रम बदलतो. बहुतेक जण ठिकाणी पोचले की ट्रायपॉड उघडतात, कॅमेरा चढवतात आणि मग झूम फिरवत फ्रेम शोधतात. पूर्वी मीही तसंच करायचो. ट्रायपॉडचे पाय एकदा रोवले की माणूस तिथेच रुजतो, पुढचा अर्धा तास तो दोन फूटसुद्धा हलत नाही. आता मी पोचल्यावर पिशवी खाली ठेवतो आणि वीस मिनिटं मोकळ्या हाताने चालतो. पुढे जातो, मागे येतो, गुडघे टेकून बघतो, उंचवट्यावर चढून बघतो. एक डोळा मिटून बघतो, कारण दोन डोळ्यांनी जवळच्या वस्तूंमध्ये जी खोली जाणवते ती कॅमेऱ्याला मिळणार नसते. जागा ठरली की तिथून किती घ्यायचं, म्हणजे फोकल लेंथ किती, ते ठरवतो. ट्रायपॉड सर्वांत शेवटी, आधीच ठरलेली उंची धरून ठेवण्यापुरता.

चालताना मी काय शोधतो? सुरुवातीला फक्त एका प्रश्नाचं उत्तर: मी इथे थांबलो कशामुळे? उत्तर एका साध्या वाक्यात आलं पाहिजे. 'पाण्यात एकटाच उभा असलेला खुंट' हे उत्तर झालं. 'खुंट, मागचं धुकं, डावीकडची होडी आणि वरचे रंगीत ढग' हे उत्तर नव्हे, तो चार फोटोंचा ऐवज आहे. वाक्य सापडलं की फ्रेममधल्या प्रत्येक गोष्टीला मी विचारतो, तू या वाक्याला मदत करतेस की नाही? नसेल करत तर तिला बाहेर ठेवायला जागा बदलतो, उंची बदलतो, चौकट आवळतो, नाहीतर उजेड बदलायची वाट बघतो.

हा खुंट खराच आहे. एका तळ्यात काठापासून पंधरा-वीस पावलांवर, वाळलेल्या झाडाचा. सहा वर्षं मी त्याचे फोटो काढले. पहिल्या वर्षीच्या फोटोंत तो शोधावा लागतो, इतका तो पलीकडच्या झाडीत मिसळून गेलाय. तिथे रोज जात असूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण मला तो ठळक दिसायचा. डोळ्याला अंतर कळतं. फोटोत काळ्यावर काळं पडलं की दोन्ही एकच होतात. मग एके दिवशी मी काठाने तीस-चाळीस पावलं पुढे गेलो. तिथून खुंटाच्या मागे झाडी नव्हती, मोकळं पाणी होतं, पहाटेच्या आभाळाचा उजेड घेतलेलं. तोच खुंट, तीच लेन्स, आणि पहिल्यांदा तो फोटोत खुंटासारखा उभा राहिला. त्या फोटोत दुसरं काहीच नाही. आजही माझ्या खोलीत तो लावलेला आहे.

यातून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हालाही सांगतो. गडदामागे उजळ आणि उजळामागे गडद येईल अशी जागा शोधा, आणि महत्त्वाच्या आकृत्या एकमेकींना चिकटू देऊ नका. झाडाचा शेंडा नेमका क्षितिजरेषेला टेकतोय, खडकाचं टोक नेमकं पलीकडच्या काठाला शिवतंय, असं झालं की तिथे खोली मरते. कधी कधी वीतभर सरकलं तरी दोन आकृत्यांमध्ये फट पडते आणि चित्र श्वास घ्यायला लागतं. शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची, हा त्याचाच पुढचा भाग. कोपऱ्यात घुसलेली अर्धी फांदी, काठावर कापला गेलेला दगड, उजळ आभाळाचा एक तुकडा: नजर अशा ठिकाणी जाऊन अडकते. मध्यभागी आपण सगळेच बघतो. फोटो बिघडतात ते कडांवर.

मधल्या रिकाम्या जागेबद्दल तुम्ही विशेष लिहिलंय, म्हणून तिच्यासाठी वेगळं सांगतो. त्याचं कारण बहुधा तुमच्या ट्रायपॉडच्या उंचीत आहे. उभं राहून डोळ्याला लावून फोटो काढायची सवय असल्यामुळे कॅमेरा जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असतो. सपाट जागी, २४ मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये, तुमच्यापासून ५ ते ५० मीटरमधली जमीन फ्रेमच्या उंचीतले जवळजवळ ३० टक्के खाते. कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणलात तर तोच पट्टा ९ टक्क्यांवर येतो. नुसतं भूमितीचं काम. जवळचा दगड किंवा गवताचा झुबका फ्रेममध्ये मोठा होतो, मधलं मैदान दुमडलं जातं, आणि नजर दगडावरून थेट डोंगरावर जाते. उलट मधल्या भागातच काही सांगण्यासारखं असेल, म्हणजे वळणं घेत गेलेला ओढा, बांधांची नक्षी किंवा पाऊलवाट, तर कॅमेरा जितका उंच तितकं ते उलगडतं. नकाशे काढणाऱ्याला हे आधी सुचायला हवं होतं. जमीन वरून बघितली की उलगडते आणि बाजूने बघितली की मिटते, हे मी नोकरीत रोज बघत होतो. इथे एक सावधगिरी आहे. जवळ काहीतरी पाहिजे म्हणून कुठलाही दगड फोटोत ओढून आणू नका. त्या दगडाचा आकार, रेघ किंवा रंग लांबच्या डोंगराशी काहीतरी बोलला पाहिजे. नाहीतर तो नुसता अडथळा होतो, आणि असे अडथळे ठेवलेले माझे शेकडो फोटो पडून आहेत.

एक-तृतीयांशाच्या नियमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हा शब्दप्रयोग १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरला. त्याचा भर प्रमाणावर होता. आभाळ आणि जमीन यांना सारखी वाटणी देऊ नये, एकाला दोन हिस्से आणि दुसऱ्याला एक द्यावा, असं तो सांगत होता. म्हणजे मुद्दा होता दोघांत मोठं कोण हे ठरवण्याचा. पुढे कॅमेऱ्याच्या पडद्यावर चार रेघांची जाळी आली आणि लोक वस्तू उचलून छेदबिंदूंवर ठेवायला लागले. तुम्ही जाळी पाळता, पण आभाळ मोठं की जमीन मोठी याचा निर्णय घेत नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पांढरंफटक आभाळ असेल तर त्याला एक-तृतीयांश तरी का द्यायचं? वरची एक पट्टी पुरे, किंवा तीही नको. आभाळात जबरदस्त ढग असतील तर जमिनीला दहावा हिस्सा द्या. आणि पाणी आरशासारखं स्थिर असेल, प्रतिबिंब पूर्ण असेल, तर क्षितिज खुशाल मध्यावर ठेवा. तिथे समतोल हाच विषय आहे.

उजेडाबद्दल बरंच लिहिता येईल, पण तुमच्या 'सपाट' या तक्रारीपुरतं सांगतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि सगळं कागदाला चिकटल्यासारखं दिसतं. बाजूने उजेड आला की प्रत्येक उंचवट्याला एक उजळ आणि एक काळी बाजू मिळते, आणि आकार उठून येतो. सूर्य क्षितिजावर ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते. १० अंशांवर ती जवळजवळ पावणेसहापट होते. पहाटे आणि संध्याकाळी जमिनीची बारीकशी घडीही दिसते ती यामुळे. म्हणून पहाटे पोचणं पुरेसं नाही. सूर्य तुमच्या डोंगराच्या कोणत्या बाजूने येतो ते बघा. वर्षभरात ती दिशा बदलत राहते, काही महिन्यांत तो समोरून येईल, काही महिन्यांत बाजूने. माझ्या तळ्यावर बाजूचा उजेड वर्षातले जेमतेम दहा आठवडे मिळतो. ही माहिती कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाची आहे आणि ती फक्त पुन्हा पुन्हा जाऊन मिळते.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा. उजेड कसा निसटतो याचा अंदाज यावरून येईल. पण सूर्य मावळला की लगेच आवरू नका. तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आभाळातून मऊ उजेड येत राहतो. हा काळ किती मिनिटांचा ते तुम्ही कोणत्या अक्षांशावर आहात आणि ऋतू कोणता यावर ठरतं, पण अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. आभाळ आणि जमीन यांच्या उजेडातला फरक तेव्हा कमी होतो, आणि तुमचं पांढरं आभाळ कॅमेऱ्याला पेलायला लागतं. ढगाळ दिवशीही घरी बसू नका. दाट झाडी, ओढे, शेवाळलेले दगड यांना तोच उजेड लागतो. फक्त अशा दिवशी आभाळ चौकटीबाहेर ठेवा.

कॅमेऱ्याच्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ ८ ते एफ ११, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची न घडवलेली मूळ नोंद. एफ २२ वर जाऊन 'सगळं स्पष्ट' मिळत नाही, विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, पूर्ण चित्र थोडं मऊ होतं. २४ मिमी आणि एफ ११ ला जुन्या तक्त्यांच्या हिशेबाने १.८ मीटरवर फोकस केला तर सुमारे ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत चालण्याजोगी स्पष्टता मिळते. आजच्या सेन्सरवर मोठा प्रिंट काढला की लांबचा डोंगर किंचित ढिला वाटतो, म्हणून मी फोकस अडीच-तीन मीटरवर ठेवतो आणि पडद्यावर मोठं करून दोन्ही टोकं तपासतो. आभाळ पांढरं जाऊ नये म्हणून हिस्टोग्रामचं, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या काळ्या-ते-पांढऱ्या छटांच्या आलेखाचं, उजवं टोक बघा. ते भिंतीला चिकटलं असेल तर एक्सपोजर (आत घेतलेला उजेड) कमी करा. गडद भागातून रॉ फाइल बरंच परत देते, पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातून काहीच देत नाही. फरक फारच असेल तर मी एक फोटो आभाळासाठी आणि एक जमिनीसाठी काढून नंतर जुळवतो. अर्धा गडद असलेला फिल्टर मी वापरणं सोडलं, कारण क्षितिज सरळ नसेल तर तो डोंगराचा माथाही काळवंडवतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र तो उत्तम. पोलरायझर (चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) जवळ ठेवा, पण ओल्या पानांवरची आणि दगडांवरची चमक काढण्यासाठी. आभाळावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक होतो, त्यामुळे २४ मिमीच्या फ्रेममध्ये आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकट असं डागाळल्यासारखं दिसतं.

एक चूक सांगतो, तुमची टळावी म्हणून. एकदा रात्री ताऱ्यांचे फोटो काढून आयएसओ ३२०० वरच कॅमेरा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर धुकं असं उतरलं होतं की सहा वर्षांत तसं पुन्हा बघितलं नाही. सगळे फोटो ३२०० वर. धुक्याच्या मऊ छटांमध्ये सगळीकडे रव्यासारखे दाणे. तेव्हापासून घरी निघण्याआधी, तिथेच उभं राहून, कॅमेरा मूळ स्थितीला आणल्याशिवाय पिशवीत घालत नाही.

ही तांत्रिक तयारी का लागते याचं सर्वांत सुंदर उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन निसर्गछायाचित्रकाराचं आहे. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळून गाडीने जाताना त्याला दिसलं की दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन आहे आणि मागे चंद्र वर आलाय. ही तारीख त्याला स्वतःला आठवत नव्हती, ती पुढे खगोलशास्त्रज्ञांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून काढली. घाईत त्याला लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने एक्सपोजर ठरवलं आणि एक निगेटिव्ह काढली. दुसरी काढायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं. त्या एका निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं तो प्रिंट काढत राहिला, आणि उत्तरोत्तर त्यातलं आभाळ जास्त काळं करत गेला. संगणकावर फोटोत उजेड-सावलीचं काम करावं की नाही, अशी शंका तुम्ही शेवटी जाता जाता विचारलीय. हे उदाहरण त्यासाठीही घ्या. जे तिथे नव्हतं ते घालणं मला पटत नाही. जे तिथे जाणवलं होतं ते वर आणणं हा कामाचाच भाग आहे.

त्याच्या आधीची, १९२७ मधली गोष्ट मला याहून जवळची वाटते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभं असताना त्याच्याकडे दोनच काचा, म्हणजे त्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह, उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून काढली आणि त्याच्या लक्षात आलं की हे चित्र दिसेल ठीक, पण त्या कड्याचा जो दरारा आपल्याला वाटतोय तो यात येणार नाही. शेवटच्या काचेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून कृष्णधवल चित्रात आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यावर उजळून उठला. दोन काचा, एकच जागा. मधे फरक एवढाच की दुसऱ्या वेळी प्रिंट कसा दिसायला हवा ते आधी मनात दिसलं होतं. 'मी थांबलो कशामुळे' हा प्रश्न मी विचारतो तो त्यासाठीच.

तर तुमच्यासाठी मी असं सुचवेन. तासाभरात पोचता येईल अशी एकच जागा निवडा, देखणी नसली तरी चालेल. लेन्स ३५ वर ठेवून झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा. दहा वेळा जा, दर वेळी बाराच्या वर फोटो काढू नका. झूम बंद झाला की पाय चालायला लागतात. घरी आल्यावर फोटो आधी नखाएवढे लहान करून बघा, मग उलटे करून बघा. तसं बघताना डोंगर-झाड असं काही ओळखू येत नाही, फक्त काळ्या-पांढऱ्या आकारांची मांडणी दिसते. तेव्हाही चित्र उभं राहत असेल तर ते ठेवा. गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल तर जमिनीवर बसायची गरज नाही. फिरता पडदा असलेला कॅमेरा ट्रायपॉडवर खाली लावून वरून बघता येतं, मीही आता तसंच करतो.

लेन्सचा विचार त्यानंतर करा. जवळचा खडक आणि मागचा डोंगर दोन्ही हवेत, मागे सरकायला जागा नाही आणि २४ अपुरी पडते, असं दहापैकी चार-पाच वेळा झालं तर १४ मिमी घ्या, ती तुमची गरज असेल. माझा अंदाज मात्र उलटा आहे. माझ्या भिंतीवरच्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त ७० ते १५० मिमीच्या दरम्यान काढलेले आहेत, कारण डोंगर आवडला की मी हल्ली डोंगरच काढतो. तुमच्या दोन वर्षांतल्या फोटोंमधून तुम्हाला मनापासून आवडलेले वीस काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ बघा, ती फाइलमध्येच नोंदलेली असते. बहुतेक ७० च्या आसपास जमले असतील तर तुम्हाला लांबची लेन्स हवी आहे.

आणि पुढच्या वेळी मला फोटो दाखवाल तेव्हा दोन दाखवा. एक, पोचल्याबरोबर उभे राहिलात तिथून काढलेला. दुसरा, वीस मिनिटं चालून जागा ठरल्यावर काढलेला. दोन्ही शेजारी ठेवून बोलू.